किहीमची वही



डिसेंबर महिना लागला की माझ्या टेबलावर एका ठरावीक प्रकारचे अर्ज येऊ लागतात. "घरगुती कारणास्तव माझ्या पाल्यास चार दिवसांची रजा मंजूर करावी." कारण विचारले की पालक थोडे संकोचतात. मग सांगतात, "अमेरिकेहून दीर येताहेत. पुण्याचे, नांदेडचे, सगळेच जमणार आहेत. समुद्रकाठी एक घर घेतले आहे आठवडाभर." शाळा चालू असताना मुलाला समुद्रावर न्यायचे, हे सांगताना आपण काही गुन्हा करतो आहोत, असा त्यांचा चेहरा होतो. हे अर्ज दरवर्षी वाढत आहेत, म्हणून त्याबद्दलचे माझे मत आज मोकळेपणाने लिहिते.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाची आई असाच अर्ज घेऊन आली होती. मुलाच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन होते. आजीची सहाही मुले, नातवंडे, पतवंडे कोकणातल्या एका घरी जमणार होती. नेमकी त्याच आठवड्यात आपली घटक चाचणी होती. मी नियमावर बोट ठेवले आणि रजा नाकारली. मुलगा आणि त्याचे वडील हैदराबादला राहिले, बाकीचे गेले. पुढच्या आषाढात त्या आजी वारल्या. या लेखासाठी मी जुनी गुणनोंदवही काढून पाहिली. त्या चाचणीत मुलाला २५ पैकी १९ गुण होते. मला ते आठवत नव्हते, त्यालाही आठवत नसतील. पण त्या दिवशीच्या कुटुंबाच्या फोटोत आपण नाही, हे त्याला जन्मभर आठवेल. त्याच्या आईने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच ती गोष्ट जास्त लागते.

आता कुणी विचारेल, भेटायचे तर मे महिन्यात भेटा. आपल्या तेलंगणाची आणि महाराष्ट्राची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात जुळते, हे खरे आहे. पण परदेशी राहणाऱ्यांना मोठी सुट्टी नाताळातच सोयीची पडते, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसांना मे महिन्यातला उकाडा सोसत नाही. आपल्याला संक्रांतीची पाच-सहा दिवसांची सुट्टी असते, पण तेव्हा पुण्या-मुंबईच्या शाळा चालू असतात. त्यांना दिवाळीची लांब सुट्टी, तर आपली मोठी सुट्टी दसऱ्याची. चार राज्ये आणि दोन देश यांत विखुरलेल्या एका कुटुंबाची पंचांगे जुळवायला बसले की शेवटी उरतो तो डिसेंबरचा शेवटचा आठवडाच.

आमच्या सासरच्या मंडळींनीही २०२३ मध्ये हेच केले. आम्ही मूळचे नांदेडकडचे, म्हणजे पक्के देशावरचे. आमच्या घराण्यात समुद्राशी कुणाचा सात पिढ्यांत संबंध नाही. आपल्या राज्याला तर समुद्रच नाही. तरी धाकट्या दिरांनी रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला किहीम येथे नारळी-पोफळीच्या वाडीतले एक घर सात दिवसांसाठी भाड्याने घेतले. एकूण माणसे एकतीस. सर्वांत मोठ्या आमच्या आत्याबाई, वय चौऱ्याऐंशी. सर्वांत लहान बाळ अकरा महिन्यांचे. हैदराबादहून आम्ही नऊ जण हुसेनसागर एक्स्प्रेसने मुंबईला पोहोचलो आणि गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने मांडव्याला गेलो. आत्याबाई आयुष्यात प्रथमच बोटीत बसल्या होत्या. बोटीमागे पांढऱ्या सीगल पक्ष्यांचा थवा लागला, तेव्हा त्यांनी हात जोडले. हे पक्षी फक्त हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या किनाऱ्यावर येतात. मे महिन्यात गेलो असतो तर ते दिसले नसते.

पहिले दोन दिवस, खरे सांगायचे तर, कठीण गेले. मुले चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसली. पुण्याच्या मुलांनी आमच्या मुलांच्या मराठीची थट्टा केली. आपण हैदराबादकर "तो येऊन राहिला" म्हणतो, "बोल्लो" म्हणतो, मधूनच "नक्को" म्हणतो. थट्टा झाल्याबरोबर माझा पुतण्या इंग्रजीत बोलू लागला. चुकीच्या मराठीला हसले की मूल मराठी सुधारत नाही, सोडून देते, हे मी शाळेत वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेव्हा मी पुण्याच्या मुलांना एवढेच सांगितले, की हैदराबादच्या दखनी बोलीतला "नक्को" हा आपल्या मराठीतल्या "नको"मधूनच गेलेला आहे. हैदराबादच्या रिक्षावाल्यापासून नवाबापर्यंत सर्वांच्या तोंडी मराठी शब्द बसवणारी आपलीच माणसे आहेत. मग थट्टा थांबली.

तिसऱ्या दिवशी एक गंमत झाली. न्यू जर्सीच्या पुतणीला मराठी समजते, पण बोलता येत नाही. आत्याबाईंना इंग्रजी येत नाही. घरमालकांचे बोलणे तिकडच्या वळणाचे, ते पुणेकरांनाही पटकन कळेना. या सर्वांच्या मधे दुभाषा म्हणून उभा राहिला तो आमचा "येऊन राहिला" म्हणणारा हैदराबादी पुतण्या! ज्याला घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, मैदानात तेलुगू आणि वर्गात इंग्रजी बोलावे लागते, त्याचा कान वेगळाच तयार होतो. त्या दिवसापासून तो मुलगा मान वर करून मराठी बोलू लागला. मराठीच्या तासाला मी त्याला हे देऊ शकले नसते.

शिक्षणाचा विचार केला तर त्या घरात आणखीही बरेच घडले. समुद्रकाठची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. त्या सुमारास पूर्ण भरती. ढोबळ हिशेब आहे, पण कामाला येतो. २६ डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही घड्याळ घेऊन पाहिले, दुपारी बाराच्या सुमारास पाणी अगदी वर आले. पाऊण तासाचा फरक का पडला, यावर आठवी आणि दहावीच्या मुलांचा जो वाद झाला तो ऐकायला आपले विज्ञान शिक्षक हवे होते. या ज्ञानाला जिवाचेही मोल आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात, मुरूडच्या समुद्रात, पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पाणी कधी चढते, कधी ओढते, हे ठाऊक नसताना आपण देशावरची माणसे समुद्रात शिरतो. म्हणून आमच्याकडे नियम होता, दोन मोठी माणसे काठावर उभी असल्याशिवाय आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही.

२८ तारखेला पोपटी केली. भातकापणीनंतर त्या भागात वाल पेरतात आणि हिवाळ्यात त्याच्या शेंगा येतात. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, जाडे मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडाले की झाले. हे दोघा-तिघांनी करायचे काम नाही. त्याला शेंगा धुणारे, पाला आणणारे, जाळ सांभाळणारे आणि नुसतेच सल्ला देणारे, असे सगळेच लागतात. एकत्र कुटुंब म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या मडक्याने मुलांना बरे समजावले.

येथे एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. अशा सुट्टीत खरी सुट्टी कुणाची असते? पहिल्या दिवशी सकाळी एकतीस माणसांचा चहा, मग नाश्ता, मग स्वयंपाक. आम्ही पाच सुना आणि दोन लेकी दुपारी तीनपर्यंत स्वयंपाकघराबाहेर पडलो नाही. खिडकीतून समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. रात्री मोठ्या वहिनी म्हणाल्या, "हेच करायचे होते तर काचीगुडा काय वाईट होते?" दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला. प्रत्येक जेवणाला पाच नावे, त्यांत दोन पुरुष आणि एक मूल असलेच पाहिजे. पहिल्या पोळ्यांचे आकार मी सांगत नाही. पण आपले काका कांदा चिरतात आणि आई त्या वेळी समुद्रावर फिरायला गेली आहे, हे दृश्य मुलांनी पाहिले, ही मला त्या सुट्टीतली फार मोठी कमाई वाटते. मंडळींनो, घरातल्या बायकांना सुट्टी मिळणार नसेल तर तिला कुटुंबाची सुट्टी म्हणू नका.

आता किहीमविषयी थोडे. त्या गावाचा आणि आपल्या हैदराबादचा एक जुना धागा आहे. मुंबईच्या तय्यबजी या मोठ्या घराण्याची किहीमला घरे होती. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच कुळातले. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली हेही आईकडून याच कुळातले. ते भावंडांत सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. त्यांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी यांनी वाढवले. तो पोरका मुलगा रस्त्यावर पडला नाही, कारण त्याच्यामागे एक भलेमोठे कुटुंब उभे होते. १९३० मध्ये त्यांची नोकरी गेली, तेव्हा ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसले आणि त्यातून त्यांचा गाजलेला अभ्यास जन्मला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच संसार थाटते, आणि मग तो नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी मांडले. त्यानंतर १९३१ मध्ये त्यांनी आपल्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. त्या वेळी या संस्थानात तेलंगणाबरोबर आपला मराठवाडाही होता. याच तय्यबजी कुळातल्या अमिना यांचा विवाह सर अकबर हैदरी यांच्याशी झाला. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात मदतकार्य करणाऱ्या लेडी हैदरी त्या ह्याच.

पण मला या कुळाची सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या घरांतून एक वही ठेवलेली असे. तिला ते "अखबार की किताब" म्हणत. घरातल्या कुणीही, लहान-मोठ्याने, पाहुण्यानेही, त्यात लिहावे. कोण आले, कोण गेले, काय खाल्ले, कशावर वाद झाला. पुढे याच वह्या इतिहास लिहिणाऱ्यांना उपयोगी पडल्या. पिढ्या गेल्या, वह्या राहिल्या.

हे मला आधीपासून ठाऊक होते म्हणून मी शाळेतली एक दोनशे पानी वही सोबत नेली होती. ओटीवर ठेवली. दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लहान मुलांनी शिंपल्यांची चित्रे काढली. मग कुणी पोपटीची कृती लिहिली, कुणी "काकांनी पत्त्यांत लबाडी केली" अशी तक्रार. आणि पाचव्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी वही मागून घेतली. थरथरत्या हाताने त्यांनी चार पाने लिहिली. १९४८ साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. रझाकारांच्या भीतीने एका रात्री सगळे घर बैलगाडीत घालून पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. गाडीत भांडी वाजू नयेत म्हणून आईने ती गोधडीत बांधली होती. पोलीस ॲक्शननंतर परत आले, तेव्हा दारावरचे कुलूप तसेच होते, पण गोठ्यात गाय नव्हती.

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या मुलालाही नाही. नांदेड आणि हैदराबाद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, म्हणून आपण या शहरात आहोत, हे मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून कळले होते. पण आपल्या आत्याआजीच्या गाडीत भांडी गोधडीत बांधली होती, हे कळल्यावर पुस्तकातला तो परिच्छेद त्यांचा झाला. गेल्या वर्षीपासून आत्याबाईंना दिसेनासे झाले आहे. त्या आता लिहू शकत नाहीत. त्या पाचव्या दुपारी आम्ही तेथे नसतो, तर ती चार पाने कधीच लिहिली गेली नसती.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी लिहायला मी शिकले ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पोस्टकार्डांना उत्तरे देता देता. त्या पत्रांत व्याकरण शिकवलेले नव्हते, पण उत्तर द्यावेसे वाटेल असे माणूस समोर होते. आजच्या आपल्या मुलांना मराठीत पत्र येत नाही. ज्यांच्याशी मराठीतच बोलावे लागेल, अशी माणसे त्यांच्या आयुष्यातून एकेक करून कमी होत आहेत. शाळा मराठी शिकवू शकते, पण मराठीची गरज निर्माण करू शकत नाही. ती आजी-आजोबा, आत्या आणि चुलत-मावस भावंडेच करू शकतात. म्हणून अशा सुट्टीला मी शाळेचा खाडा मानत नाही.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. काही पालकांना वाटेल, ही श्रीमंतांची चैन आहे. आपल्या शाळेत रात्रपाळी करणाऱ्यांची, खाणावळीत राबणाऱ्यांची, पौरोहित्य करणाऱ्यांची मुले आहेत. त्यांच्याकडून असा अर्ज कधी येत नाही. त्यांना मी सांगेन, समुद्र महत्त्वाचा नाही. देगलूरचे शेतातले घर चालेल, बासरला गोदावरीच्या काठी धर्मशाळेतल्या दोन खोल्या चालतील. महत्त्वाचे एवढेच, की सर्वांनी एका छपराखाली राहावे आणि एका चुलीवरचे जेवावे. आमच्याकडे वर्गणी ऐपतीप्रमाणे होती आणि हिशेब एकट्या मोठ्या काकांकडे. कुणी किती दिले, कुणी काहीच दिले नाही, हे आजवर कुणाला कळलेले नाही. ज्यांचे हात सैल आहेत त्यांनी हे शिकावे, नाहीतर गरीब भाऊ "रजा मिळत नाही" असे सांगून घरीच राहतो.

शिस्तीचा प्रश्नही खरा आहे. एकाला रजा दिली की दहा जण मागतात आणि शिक्षकांना तोच धडा दोनदा शिकवावा लागतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना डिसेंबरअखेर कुटुंबाच्या एकत्र येण्यासाठी तीन दिवसांपर्यंत रजा द्यावी. अर्ज पंधरा दिवस आधी आणि खरे कारण लिहून द्यावा. नववी-दहावीच्या मुलांसाठी मात्र ही सवलत नाही. त्यांच्या पालकांनी शनिवार-रविवार आणि नाताळ जोडून जमेल तेवढे करावे. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरवताना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणतीही चाचणी ठेवू नये. याने शाळेचा एक पैसाही खर्च होणार नाही.

आणि रजेची एक अट राहील. परत येताना मुलाने वही आणायची. तिच्यात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाने सांगितलेले निदान एक पान हवे. त्यांना लिहिता येत नसेल तर मुलाने ऐकून लिहावे. मराठीत लिहावे, जशी येईल तशी. शुद्धलेखनाला आम्ही लाल शाई लावणार नाही. जे कुठेच गेले नाहीत, त्यांनी घरच्या किंवा शेजारच्या आजींकडून एक पान आणले तरी ते तेवढ्याच मानाने स्वीकारले जाईल. चांगली पाने याच वार्तापत्रात छापू.

विद्यार्थी मित्रांनो, वही आठ आण्यांची असो की पन्नास रुपयांची, ती ओटीवर उघडी ठेवा आणि दोन दिवस वाट पाहा. कुणी लिहीत नाही म्हणून उचलून ठेवू नका. आमच्या वहीत ते पान पाचव्या दिवशी आले.

सर्वांना नववर्षाच्या आणि येणाऱ्या मकर संक्रांतीच्या शुभेच्छा. तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि शक्य तेथे मराठीत बोला.

आपली,
मुख्याध्यापिका